ओढायला दीड हजार, पेलायला पंच्याहत्तर

प्रश्न : आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. सुट्टीच्या दिवशी तिघंही कॅनक चेसच्या जंगलात माउंटन बाइक चालवायला जातो. उन्हाळ्यात वेल्सला जायचा बेत आहे. गाडीला टो-बार आहे, म्हणून त्यावर बसणारा तीन सायकलींचा रॅक घेतला. रॅक २० किलोचा. यांची इलेक्ट्रिक सायकल २४ किलो, माझी साधी १५, मुलाची १३. मुलाची लहान म्हणून ती गाडीला लागून, मग माझी, आणि यांची जड म्हणून सगळ्यात बाहेर; बाहेरच्या बाहेर उचलून ठेवता येते. माझे बाबा पुण्याहून आलेत. ते रोज गाडीमागे उभे राहून म्हणतात, "अगं, हा एवढा डोलारा एका गोळ्यावर टिकतो कसा? कलंडत का नाही?" गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता १,५०० किलो दिली आहे, तेव्हा तीन सायकली म्हणजे किस झाड की पत्ती, असं मी त्यांना सांगितलं. बरोबर ना?
— एक वाचक, वेस्ट मिडलंड्स

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे. दीड हजार किलोचा दाखला देऊन तुम्ही त्यांना गप्प केलं असेल, तर तो मागे घ्या.

तो आकडा ओढण्याचा. ट्रेलरला स्वतःची चाकं असतात, त्याचं बहुतेक वजन रस्ता पेलतो आणि गाडी त्याला मुख्यतः ओढते. रॅकला चाकं नाहीत. त्याचा आणि सायकलींचा अख्खा भार टो-बारच्या गोळ्यावर उभा येतो, आणि गोळ्याने किती उभा भार सोसायचा याचा आकडा वेगळा असतो. टो-बारवर एक लहानशी पट्टी किंवा स्टिकर असतो. वाकून, हाताने चिखल पुसून बघा. त्यावर 'एस' अक्षरापुढे हा आकडा किलोत दिलेला असतो. मध्यम गाड्यांना बहुधा ७५, काही छोट्यांना ५०, मोठ्या एसयूव्हींना १०० किंवा जास्त. गाडीच्या पुस्तिकेत निराळा आकडा निघाला तर दोन्हींतला लहान तो खरा धरायचा. काही इलेक्ट्रिक गाड्यांना तर ट्रेलर ओढायची परवानगीच नसते, पण सायकल-रॅकपुरता टो-बार मिळतो. ओढणं आणि पेलणं यांची खाती इतकी वेगळी आहेत.

आता तुमचा हिशेब. २४, १५, १३ आणि रॅकचे २० मिळून ७२ किलो. पट्टीवर ७५ असेल तर तुम्ही आत आहात, पण तीन किलोंनी. जाड साखळीचं कुलूप आणि मुलाच्या सायकलवर राहिलेली पाण्याची भरलेली बाटली एवढ्यावर ते तीन किलो संपतात. आणि सायकलींची वजनं तुम्ही कंपनीच्या जाहिरातीतून घेतली असतील, तर त्यांत पेडल बहुधा धरलेले नसतात. घरच्या वजनकाट्यावर सायकल हातात घेऊन उभं राहा, मग सायकलशिवाय. फरक तो खरा. पट्टीवर ५० निघाले तर मात्र प्रश्नच मिटला. यांची इलेक्ट्रिक सायकल गाडीच्या आत, किंवा हे घरी. (दुसरा पर्याय त्यांना विचारून निवडा.)

बाबांचा प्रश्न मात्र याहून खोल आहे. त्यांना भार किती ते विचारायचं नाही, कलंडत का नाही ते विचारायचं आहे.

टो-बारचा गोळा ५० मिलिमीटर व्यासाचा. १९३० च्या दशकात जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने तो आणला. गोल आकार घेण्याचं कारणच असं, की मागचा ट्रेलर वळणावर डावी-उजवीकडे आणि चढ-उतारावर वर-खाली मोकळा फिरावा. म्हणजे मुळात फिरू देण्यासाठी केलेली ही वस्तू. आणि रॅकला तिच्याकडून हवं आहे ते नेमकं उलटं, अजिबात न फिरणं! गोळ्याला ना खाच, ना कोपरा. काही रॅक गोळ्याखालच्या मानेचाही आधार घेतात. पण बऱ्याच रॅकना गोळ्यावर आवळलेल्या पकडीचं घर्षण हाच एक आधार असतो.

ते घर्षण किती लागतं, याचा ढोबळ अंदाज काढू. भरलेली बादली छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं यांतला फरक बाबांना सांगायला नको. तसंच इथे. तीन सायकली गोळ्यापासून साधारण २०, ४० आणि ६० सेंटिमीटर मागे येतात असं धरू, आणि रॅकचं स्वतःचं वजन ३० सेंटिमीटरवर. तुम्ही लावता त्या क्रमाने, म्हणजे मुलाची आत आणि यांची बाहेर, गोळ्याभोवती मागे कलंडवणारा जोर येतो २९ किलोग्रॅम-मीटर. गोळ्याची त्रिज्या आहे अवघी अडीच सेंटिमीटर. तेवढ्याशा अंतरावरून हा जोर रोखायचा, तर गोळ्याच्या पृष्ठावर सुमारे १,१६० किलोंइतकं घर्षण लागतं. आता फक्त क्रम उलटा करा : जड सायकल गाडीला लागून, मग तुमची, मुलाची बाहेर. तोच आकडा सुमारे ९८० वर येतो. सायकली त्याच, वजन तेच, पण पकडीवरचा ताण जवळजवळ सहाव्या हिश्श्याने उतरला. शिवाय हे सगळं गाडी उभी असताना. खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर हे आकडे कितीतरी वर जातात.

तेव्हा यांची सायकल आत. उचलायला अवघड जाते हे खरं. आधी तिची बॅटरी काढा. ती निघणारी असेल तर तीनएक किलो तिथेच उतरतात, आणि बॅटरी गाडीत ठेवली की पावसापासूनही वाचते. काही रॅकना चढवायला लहान उताराची पट्टी मिळते, गुडघे-कंबर धरणाऱ्यांसाठी ती पैसे वसूल. मुलाची सायकल बाहेर जाण्याचं आणखी एक कारण असं, की तीन सायकलींच्या रॅकवर बाहेरच्या जागेची मर्यादा बहुतेक वेळा आतल्यापेक्षा कमी असते. तिथे २४ किलो चालतात का, हे रॅकच्या पुस्तिकेत एकदा पाहाच.

सगळा खेळ घर्षणाचा, म्हणून गोळा कोरडा आणि स्वच्छ हवा. इथेच पुष्कळांची गफलत होते. साध्या जोडणीचा ट्रेलर ओढणारे गोळ्याला ग्रीस लावतात, ते योग्यच, कारण तिथे फिरणं हवं असतं. गाडी जुनी घेतली असेल, आधीच्या मालकाकडे ट्रेलर असेल, तर काळपट ग्रीसचा थर तिथे अजून असणार. डीग्रीझरने पुसून काढा. रंग चढवलेला असेल तर तोही खरवडा. रंगाचा पापुद्रा पकडीखाली सरकतो. गोळा कशाचा आहे तेही महत्त्वाचं. बऱ्याच रॅक कंपन्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यावर रॅक लावायला साफ मनाई करतात, दणकट पोलादच मागतात.

पकडीचा दांडा खाली दाबताना दोन्ही हातांचा जोर लागला पाहिजे. बोटाने बसला तर पकड ढिली आहे. बहुतेक रॅकना ती घट्ट करायला एक स्क्रू असतो. दांडा बसल्यावर रिकामा रॅक दोन्ही टोकांना धरून हलवा. रॅक हलेल तेव्हा गाडीही हलली पाहिजे. नुसता रॅक हलला तर पुन्हा काढून बसवा. आणि निघाल्यावर दहा-पंधरा मैलांनी एकदा थांबून पुन्हा बघा. चाकं बांधणारे पट्टे पहिल्या काही मैलांत बसतात आणि सैल होतात, दर वेळी.

माउंटन बाइकची म्हणून जी कटकट आहे, ती इथून पुढे सुरू होते. रस्त्यावरच्या सायकलींना असतं ते सरळ चौकटीचं पोट हिला नसतं. सस्पेंशनची फ्रेम वाकडीतिकडी, मधल्या मोकळ्या जागेत शॉक बसलेला. क्लॅम्प धरायचा कुठे? शक्यतो वरच्या किंवा खालच्या जाड नळीवर, ब्रेकच्या नळ्या आणि गिअरच्या तारा चेंगरणार नाहीत अशा बेताने. सीटखालची नळी धरायचा मोह होतो, पण ड्रॉपर पोस्ट असेल तर तिच्या वर-खाली होणाऱ्या चकचकीत भागाला क्लॅम्प कधीही लावू नका. एक ओरखडा पडला की सील गेलं. फ्रेम कार्बनची असेल तर आवळण्याचा जोर हाच धोका. कार्बन ओढ-ताण छान सोसतो, पण एका जागी चिमटलं की आतून तडकू शकतो आणि बाहेरून दिसतही नाही. त्यासाठी जोर मर्यादेत ठेवणाऱ्या मुठीचे क्लॅम्प आणि रबरी गाद्या मिळतात. फ्रेमला हातच न लावता फक्त चाकांना धरणारे रॅकही आहेत. महाग आहेत, पण कार्बनवाल्याने मी म्हणेन तेच घ्यावेत.

खरा भार तसाही चाकांच्या पन्हळींवर असतो. क्लॅम्प फक्त सायकल उभी ठेवतो. म्हणून चाकांचे पट्टे जास्त महत्त्वाचे. पट्टा रिममधून घ्यायचा, डिस्क ब्रेकच्या चकतीतून नाही. टायर अडीच इंच रुंद असतील तर रॅकबरोबर आलेले पट्टे कधी कधी पुरतच नाहीत, लांब पट्टे वेगळे मागवावे लागतात. हल्लीच्या मोठ्या मापाच्या सायकलींच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या पुढे जातं; बऱ्याच रॅकची हद्द १.३ मीटरच्या आसपास असते. यांची सायकल मोठ्या मापाची असेल तर टेप लावून मोजा. आणि एक्झॉस्टचं तोंड पाहा. ते चाकाखाली येत असेल तर टायर भाजतो, रिमही खराब होते. हे कुणी आधी सांगत नाही, टायर वितळल्यावर सगळे सांगतात.

हँडलांचं कोडं शेवटी सुटतं. पाऊण मीटरच्या वर रुंद हँडल, शेजारच्याचं सीट त्यात घुसतं. एक सायकल डावीकडे तोंड करून, पुढची उजवीकडे, असं आलटून-पालटून लावा. सीट खाली पाडा, पेडल फिरवून एकमेकांपासून दूर करा. तरी काही घासत असेल तर मध्ये फोमचं नळकांडं किंवा जुनी पायमोज्याची जोडी. गाडीच्या मागच्या काचेला हँडल टेकतंय का तेही पाहा. डिकी विजेवर उघडणारी असेल तर तिची पायाने उघडायची सोय बंद करून ठेवा. सायकलींवर आपटलेल्या डिकीचा खर्च सायकलीपेक्षा जास्त येतो. डिकी उघडायची असेल तेव्हा रॅक पायपट्टीने मागे झुकवता येतो. तेव्हा एकाने बाहेरच्या सायकलीला हात लावून उभं राहावं. हे काम बाबांना द्या.

दिवे आणि नंबरप्लेट याबद्दल ब्रिटनचा कायदा स्पष्ट आहे. मागची पाटी झाकली गेली तर रॅकवर तीच, पिवळी, नियमाप्रमाणे बनवलेली पाटी लागते. कागदावर छापून चिकटवलेली चालत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून नव्या पाट्यांना बीएस एयू १४५ई हे मानक आहे, आणि नोंदणीकृत विक्रेता गाडीची कागदपत्रं पाहूनच ती बनवून देतो. चुकीच्या किंवा झाकलेल्या पाटीला एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. रॅकवरचे दिवे गाडीच्या सॉकेटला जोडायचे. नव्या गाड्यांना १३ पिनांचं, जुन्यांना ७ पिनांचं. न जुळल्यास छोटा अडॅप्टर मिळतो. ७ पिनांतून रिव्हर्सचा दिवा जात नाही, बाकीचे जातात. निघण्याआधी ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, फॉग लाइट बाबांकडून मागे उभं करून तपासून घ्या. त्यांना तसंही तिथेच उभं राहायचं आहे.

एक राहिलं. हे ७२ किलो मागच्या चाकांच्याही पुष्कळ मागे लटकतात. त्यामुळे मागच्या ॲक्सलवर ७२ नाही तर शंभराच्या वर भार येतो, आणि पुढच्या चाकांवरून तीसएक किलो उचलले जातात. डिकीत सामान, मागच्या सीटवर बाबा आणि मुलगा, म्हणजे गाडीचं नाक वर. मागच्या टायरमध्ये पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा भरा, आणि हेडलाइट खाली करायची चकती असेल तर ती फिरवा. नाहीतर समोरून येणारे सगळे तुम्हाला डिपर मारतील आणि तुम्हाला कळणार नाही का ते.

प्रश्न : माझा भाऊ टेक्सासहून लंडनला बदली होऊन येतोय. तिथला त्याचा उत्तम सायकल-रॅक तो मला द्यायला तयार आहे. माझ्या गाडीला टो-बार आहे. घ्यावा का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : भावाचे आभार माना आणि रॅक तिथेच विकायला सांगा.

अमेरिकेत गाडीमागे गोळा नसतो, चौकोनी पोकळ नळी असते; बहुधा दोन इंची, लहान गाड्यांना सव्वा इंची. ट्रेलर ओढायचा असेल तेव्हा त्या नळीत गोळ्याचा दांडा खुपसतात. सायकल-रॅकचा दांडा मात्र थेट नळीत जातो आणि आडव्या पिनेने अडकतो. वरच्या उत्तरात जो सगळा घर्षणाचा ताप आहे तो तिथे नाहीच, कारण चौकोन चौकोनात फिरत नाही. फार तर थोडं खडखडतं, त्यासाठी आवळायचा बोल्ट असतो. म्हणूनच तिकडचे रॅक चार-चार जड सायकली सहज घेतात, आणि तिकडचे लोक इकडच्या रॅककडे संशयाने बघतात. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे.

पण तो रॅक तुमच्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसणार नाही. गोळ्याला चौकोनी नळी जोडून देणारे अडॅप्टर विकायला दिसतात. गाडीच्या आणि रॅकच्या अशा दोन्ही कंपन्यांनी ज्याला हात झटकले आहेत असा जोड घालून एम४ वरून जाऊ नका. शिवाय तिकडच्या रॅकना बहुधा दिव्यांची आणि नंबरप्लेटची पट्टी नसते. ती वेगळी घ्या, बांधा, तार ओढा, असं करता करता इथला वापरलेला चांगला रॅक त्याच पैशांत आला असता.

प्रश्न : मागे रॅक असला की ट्रेलरची वेगमर्यादा लागू होते का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : नाही. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला इथे साध्या रस्त्यावर ५० मैल आणि मोटरवेवर ६० मैल मर्यादा आहे, पण रॅक म्हणजे ट्रेलर नव्हे. गाडीची नेहमीची मर्यादा लागू राहते. रॅक कंपन्या स्वतःची मर्यादा सांगतात, बहुतेकांची ताशी १३० किलोमीटर. ब्रिटनमध्ये ७० मैलांच्या आत तिचा प्रश्न येत नाही, जर्मनीत गाडी घेऊन गेलात तर येईल. स्पेन आणि इटलीत सायकलींच्या मागे अर्धा मीटर चौरस, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा फलक लावावा लागतो, तो आधीच घेऊन ठेवा. फेरीने जाणार असाल तर तिकीट काढताना गाडीची लांबी रॅक धरून सांगा.

प्रश्न : आठ वर्षांनी स्कॉटलंडहून पुण्याला कायमचे परततोय. दोन माउंटन बाइक आणि टो-बारचा रॅक कंटेनरमध्ये टाकू का? सह्याद्रीत खूप वापर होईल असं वाटतं.
— एक वाचक, एडिनबरा

उत्तर : सायकली जरूर टाका. ग्लेनट्रेसच्या वाटांवर तयार झालेली सायकल आणि पाय, दोन्ही मावळात उपयोगी पडतील. रॅक ठेवून जा.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना कंपनीकडून टो-बार मिळतच नाही. बंद पडलेली गाडी ओढायला बंपरमध्ये जो हूक फिरवून बसवतात, तो यासाठी नाही. बाहेरच्या गॅरेजात लोखंडी पट्ट्या वेल्ड करून गोळा बसवून देणारे भेटतील. पण त्या गोळ्यावर 'एस' चा आकडा कोण लिहिणार? चाचणी नाही, पट्टी नाही, आणि चासीला कुठे वेल्ड केलं ते मिस्त्रीलाच माहीत. अशा गोळ्यावरून मी सायकली नेणार नाही.

दुसरी अडचण पाटीची. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांवर होलोग्राम असलेली, न उघडणाऱ्या लॉकने जखडलेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट येते. तिच्यासमोर सायकली आल्या तर स्कॉटलंडसारखी तिसरी पाटी करून रॅकवर लावण्याची सोय तुम्हाला भारतात सहज मिळणार नाही.

छतावरचा रॅक चालेल. फक्त सोसायटीच्या पार्किंगची उंची आधी मोजा, वर सायकल आहे हे विसरून आत शिरणाऱ्यांची फजिती नेहमीची आहे. दोनच सायकली असतील तर माझं मत सरळ आहे. मागची सीट पाडा, पुढची चाकं काढा, जुनी चादर अंथरून दोन्ही आत घाला. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवायला विसरू नका. चाक नसताना कुणी चुकून ब्रेक दाबला तर पॅड चिकटून बसतात आणि ताम्हिणीत पोचल्यावर ते सोडवायला सपाट पाना लागतो.